पातळ दुधाचा उन्हाळा

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकींची. चैत्र सरत आला की भाऊ बहिणींना आणायला निघतात, एसटीच्या गाड्या लेकुरवाळ्या बायांनी भरून जातात, गल्लीतल्या लिंबाला दोर पडतात आणि चाळिशी उलटलेल्या बायासुद्धा झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणतात. आमच्या पारोळ्याच्या घरची लेक मात्र अकरा आखाज्या माहेरी आली नाही. ती आली नाही ती माझ्यामुळे. तिला दार कुणी बंद केलं नव्हतं. मी त्या दाराच्या आत आहे, एवढं तिला पुरे होतं. आणि खोटं कशाला बोलू, ही गोष्ट मी मनातल्या मनात दागिन्यासारखी मिरवत आले.

यंदा माझ्या जावेला, प्रियंकाला, मुलगा झाला. बरोबर उन्हाळ्याच्या तोंडावर. सव्वा महिना माहेरी काढून ती आखाजीच्या आधी चार दिवस बाळाला घेऊन आली, आणि त्या दिवसापासून मला घरात जुने वास यायला लागले. कुलरच्या ओल्या गवताचा वास. वाळत घातलेल्या दुपट्यांना येतो तो आंबूस, गोडसर वास. खिडकीला लावलेली ओली चादर अर्ध्या तासात सुकून कडक होते, तेव्हा तिला येणारा कोऱ्या कापडासारखा वास. या सगळ्यांची इतरांना गंमत वाटते. माझ्या मुठी वळतात.

माझी लेक सई झाली तोही असाच उन्हाळा. माझं माहेर दोंडाईचाचं, पण बाळंतपण धुळ्याला झालं. तिथल्या नर्सबाईंनी तासाभराच्या आत सईला माझ्या छातीशी दिलं. पहिलं पिवळं, चिकट दूध पिळून टाकायचं अशी माझ्या आईची समजूत. तिनं वाटी पुढे केली तर नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, वाटी ठेवा तिकडे. यातला एक थेंब वाया घालवायचा नाही." आई ओशाळली, पण तिनं ऐकलं. माझी आई ऐकणारी बाई आहे, हे किती मोठं भाग्य ते मला पुढे कळलं.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी सांगितलं ते मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "सहा महिने फक्त आईचं दूध. मध नाही, घुटी नाही, ग्राइपवॉटर नाही. पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे ऊन फार, म्हणून लोक चमचा-चमचा पाणी देतात. द्यायचं नाही. दुधात पाणी असतंच. ऊन वाढलं की जास्त वेळा पाजायचं, एवढंच. दिवसाला सहा-सात दुपटी ओली होतायत, वजन वाढतंय, म्हणजे पोट भरतंय."

दोंडाईचाला तेव्हा मिरचीचे शेवटचे ढीग बाजारात होते. वाऱ्याची दिशा बदलली की सगळं गाव शिंकायचं. दूध पिता पिता सईही शिंकायची आणि पुन्हा घाईनं छातीला लागायची. तिच्या मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. मी शाळेत भूगोल शिकवते. पाऊस, माती, पिकं हे सगळं मला फळ्यावर काढता येतं. पण आपल्या अंगातून कुणाचं तरी पोट भरतं, हे मला रोज नवीन वाटायचं. असं सुख मी त्याआधी भोगलं नव्हतं. म्हणूनच ते कुणी हिसकावलं, हे मी विसरू शकत नाही.

सव्वा महिन्यानं मी पारोळ्याला आले आणि दोनच दिवसांनी आखाजीसाठी अक्का आल्या.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सोनगीरला दिलेली. घरी भांड्यांचं दुकान, माणसं सुखवस्तू. लग्नाला वीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं. माझ्या नवऱ्याला, शरदला, लहानपणी त्यांनीच सांभाळलेलं. सासूबाई शेतात असायच्या आणि दहा-अकरा वर्षांच्या अक्का त्याला कडेवर घेऊन घर राखायच्या. त्यामुळे घरात अक्कांचा शब्द खाली पडायचा नाही. जेवायला काय करायचं इथपासून कुणाचं लग्न कुठे ठरवायचं इथपर्यंत. मलाही त्या आवडायच्या, हेही सांगायला हवं. सईला त्या अशी आंघोळ घालायच्या की बघत राहावं. पायांवर पालथं घेऊन, कोमट पाणी कानाला न लागू देता. पोरगी त्यांच्या हाताखाली मेणासारखी व्हायची.

मग एक दिवस सई किरकिरली. दुपारचे तीन वाजले असतील. वीज गेलेली, कुलर बंद, पत्रे तडतडत होते. अक्का म्हणाल्या, "इतलं ऊन शे, पोरले पानी नको का?"

मी म्हणाले, "डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही सांगितलंय. मी पाजते परत."

त्यांनी पितळी ताटली माझ्यापुढे धरली. "दोन थेंब पिळ यात." मी पिळले. त्यांनी ताटली तिरकी केली. थेंब घरंगळत काठापर्यंत गेले. "पाह्य," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "पानीना मायक पळस. पातळ शे हिनं दूध. पोरनं पोट कशानं भरी?"

पाण्यासारखं पळतंय, पातळ आहे हिचं दूध. त्या दिवसापासून ते घरभर झालं. शेजारणींना कळलं. भाजीवालीला कळलं. मला शेपूची भाजी आली, अळिवाची खीर आली, मेथीचे लाडू आले, आणि प्रत्येक वाटीबरोबर तीच नजर आली, की खा, तुझ्यात कमी आहे. दूध सुरुवातीला पातळच येतं, त्यानं बाळाची तहान भागते, मागून दाट येतं. हे मला पुढे धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी न्हाणीघरात कडी लावून रडायचे, आणि रडताना छातीतून दूध गळायचं, तेही मला पाणीच वाटायचं.

अक्कांनी दुपारची वाटणी ठरवून टाकली. "तू मागल्या खोलीत नीज. बाळंतीण शेस. पोर मी पाहस." मला झोप हवीच होती. तासा-दीड तासानं उठून मी पुढल्या खोलीत जायची तर सई अक्कांच्या मांडीवर गाढ झोपलेली. "बघ, कशी गप शे," त्या म्हणायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा असं काही असायचं की मला कृतज्ञ वाटायचं. कृतज्ञ! या शब्दाचा मला आजही संताप येतो.

मग सई माझ्याकडे नीट पिईना. दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. छाती आधी दगडासारखी व्हायची, दुखायची, मग हळूहळू तीही गप्प झाली. दूध खरंच कमी झालं. बाळानं ओढलं नाही तर येत नाही, एवढा साधा हिशोब. पण घरात सगळ्यांना वाटलं, अक्का म्हणत होत्या तेच खरं. मलाही वाटलं. मी बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली, शाळेत नकाशे समजावून सांगणारी, मलाही वाटलं. दुपटी ओली होत होती, म्हणून मी वजन करून आणलं नाही. ती कशानं ओली होतायत, हा प्रश्न मला पडला नाही.

वैशाखातली ती दुपार. सई अक्कांच्या मांडीवर होती. मी पाटावर बसून कैऱ्या चिरत होते. अक्कांची हाक आली. साधी हाक नव्हती ती. मी धावले. सईचा एक हात धक्के देत होता, तोंडाची एक बाजू ओढली जात होती आणि डोळे वर गेले होते. दोन महिन्यांचं बाळ. मी तिला उचललं तर ती माझ्या हातात नव्हतीच, कुणी तरी आतून तिला हलवत होतं.

शेजाऱ्यांच्या गाडीत आम्ही धुळ्याला निघालो. शरद पुढे, मागे मी आणि अक्का. हमरस्त्यावर उन्हाचं पाणी दिसत होतं, पुढे पुढे पळणारं. मी तिचं नाव घेऊ शकत नव्हते, कारण तिला नाव नव्हतं. आमच्याकडे बारसं सासरी होतं आणि बाळाचं नाव आत्या ठेवते. तोपर्यंत ती नुसती छकुली होती. "छकुली, छकुली" एवढंच मी म्हणत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला घेतलं आणि सुई लावता लावता विचारलं, "वरचं काय देता? पाणी? घुटी? गाईचं दूध, बाटली? काहीही असेल तर सांगा. रागावणार नाही मी, पण मला कळायला हवं."

"काहीच नाही," मी म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणे ते खरं होतं.

डॉक्टरबाईंनी अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "काहीच नाही, डॉक्टर. आईवरच आहे."

हे मी शब्दन् शब्द लिहून ठेवतेय. कारण चूक माणसाकडून होते, अडाणीपणानं होते, मायेनंही होते. ती मी कदाचित कधीतरी पचवली असती. पण पोरीच्या नाकात नळी होती, डॉक्टर तीनदा विचारत होत्या, आणि तीनदा त्या "काहीच नाही" म्हणाल्या. वर बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी फोनवर माझ्या सासूबाईंना सांगितलं, "आईनंच दूध बाधनं पोरले." आईचंच दूध पोरीला बाधलं म्हणे. ते मी ऐकलं. मी हातभर अंतरावर उभी होते.

संध्याकाळच्या आत रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "रक्तातलं मीठ फार उतरलंय. एवढ्या लहान बाळाला पाणी पाजलं, किंवा दुधात भरपूर पाणी घालून पाजलं, की असं होतं. त्यानंच झटका आला. शिवाय जुलाबाचा जंतूही दिसतोय. कुणीतरी दिलंय. पहिल्याच वेळी सांगितलं असतं तर माझा वेळ वाचला असता."

शरदनं माझ्याकडे पाहिलं. मी अक्कांकडे पाहिलं. अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. बाहेर पाहण्यासारखं काहीही नव्हतं, एक भिंत आणि तिच्यावर ऊन.

आठ दिवस आम्ही तिथे होतो. पहिले दोन दिवस सईला छातीशी देता येत नव्हतं. नर्सबाई मला दर दोन तासांनी दूध काढायला बसवायच्या. पहिल्यांदा वाटीचा तळही झाकला गेला नाही. "येईल," त्या म्हणायच्या, "मागणी आली की माल येतो." ते थोडं थोडं दूध त्या उकळलेल्या वाटी-चमच्यानं तिच्या ओठांशी लावायच्या. तिसऱ्या दिवशी तिला माझ्याकडे दिलं. ती चुकली, रडली, पुन्हा चुकली, आणि मग लागली. तिच्या घशातून घोट जाताना ऐकू आला. त्या आवाजासाठी मी कुणाचाही खून करू शकले असते असं मला वाटलं, आणि कुणाचा, तेही मला ठाऊक होतं.

घरी आल्यावर बाटली सापडली. पाण्याच्या माठामागच्या कोनाड्यात, फडक्यात गुंडाळलेली. तिच्या रबरी बोंडाच्या भोकात दुधाची साय वाळून पिवळी पडली होती. मी ती शरदपुढे ठेवली. तो म्हणाला, "वंदना, तिचा हेतू वाईट नव्हता गं."

हेतू! मरता मरता वाचलेल्या पोरीला मी हेतू काय सांगू?

अक्का तोवर सोनगीरला गेल्या होत्या. श्रावणात बारसं ठरलं आणि त्या आल्या. हिरवी साडी, हातात चांदीचा वाळा. त्यांनी नाव ठरवून आणलं होतं, भाग्यश्री. पाळणा सजला होता, चाळीसेक बाया बसल्या होत्या. अक्का पाळण्याजवळ गेल्या आणि बाळाच्या कानात नाव सांगायला वाकल्या.

मी पुढे झाले. ती बाटली मी तशीच, न धुता ठेवली होती. ती मी हळदी-कुंकवाच्या तबकात ठेवली आणि तबक अक्कांसमोर धरलं. म्हणाले, "अक्का, आधी ही कुणाची ते सांगा. मग नाव ठेवा."

ढोलकी वाजवणारी बाई थांबली. अक्कांचा चेहरा आधी लाल झाला, मग मातीच्या रंगाचा. सासूबाई म्हणाल्या, "वंदना, पाव्हण्या बाया बठ्ठ्या बशेल शेतस." पाहुण्या सगळ्या बसल्या होत्या, म्हणूनच तर. मी सगळं सांगितलं. पाणी, अर्धं पाणी घातलेलं गाईचं दूध, झटका, रक्तातलं मीठ, आणि तीनदा म्हटलेलं "काहीच नाही". माझा आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ होता. तिथेच थांबले असते तर मी न्यायाची बाजू सोडली नसती.

मी थांबले नाही. म्हणाले, "ज्या बाईनं जन्मात कुणाला पाजलं नाही, तिनं दुसरीच्या दुधाची परीक्षा करायची नसते."

मग मी स्वतःच पाळण्यावर वाकले आणि लेकीच्या कानात तिचं नाव सांगितलं. सई.

अक्का त्याच दुपारच्या गाडीनं गेल्या. वाळा ओट्यावर राहिला होता, तो मी शरदबरोबर परत पाठवला.

पुढची बारा वर्षं मी तो सूड नीट राखला. सूड राखायला फार काही लागत नाही, रोजची छोटी छोटी कामं लागतात. भाऊबीजेला शरद एकटाच सोनगीरला जायचा. अक्का दरवर्षी सईला फ्रॉक पाठवायच्या. मी तो पिशवीतून बाहेरही न काढता कुणाला तरी देऊन टाकायची. सईनं विचारलं, आपली आत्या का येत नाही, तर मी म्हणायची, मोठी झालीस की सांगेन. ती गोष्ट मी राखून ठेवली होती. अक्कांना कधी उतारवयात आमच्या दाराशी यावंच लागलं, तर त्या दिवशी सईला सांगायची, त्यांच्यासमोर, हे माझं ठरलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी अक्कांचे यजमान गेले. मी भेटायला गेले. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या, वाळून काटकी झालेल्या. मी शेजारी बसले, एक शब्द बोलले नाही, आणि परतीच्या गाडीत मला बरं वाटत होतं. हे लिहायला हात धजत नाही, पण तसं वाटलं होतं खरं.

त्याच बारा वर्षांत मी आणखी एक सूड घेत होते, तो "पातळ" या शब्दावर. गल्लीत कुठे पाळणा हलला की मी जायची. बाळंतिणीशेजारी बसून सांगायची, पाणी नाही, मध नाही, नुसतं पाज, आणि शंका आली तर वजन करून आण. एकीला खरंच दूध पुरत नव्हतं. तिला मी डॉक्टरकडे नेलं, आणि त्यांनी दुधाच्या पावडरीचा डबा लिहून दिल्यावर मापाचा चमचा सुरीनं सपाट करायला शिकवलं. डबा पुरवायचा म्हणून पाणी वाढवायचं नाही, हे तिच्या सासूकडून तीनदा वदवून घेतलं. लोक म्हणायचे, वंदनाबाई किती मनापासून करतात. मनापासून तर होतंच. प्रत्येक सासूच्या जागी मला अक्का दिसायच्या.

आणि यंदा आखाजीला दीर परस्पर सोनगीरला जाऊन अक्कांना घेऊन आला.

त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. प्रियंकानंच त्याला गळ घातली होती, म्हणाली, घरात पहिला नातू, आत्या नको का? अक्का उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. पांढरे केस, पायात सूज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही "या" म्हटलं नाही. सासूबाईंनी रडत रडत त्यांना आत घेतलं. सई दारात उभी राहून बघत होती. बारा वर्षांची, उंच, माझ्या खांद्याला लागलेली.

दोन दिवस मी पहारा केला. अक्का बाळाच्या खोलीत गेल्या की मी काही ना काही काढून तिथे जायची. कपडे घडी करायची, खिडकीची चादर भिजवायची. त्या बाळाला घेत नव्हत्या. प्रियंकानं दोनदा पुढे केलं तर म्हणाल्या, "राहू दे, माझे हात थरथरतात." मला वाटलं, नाटक आहे. मी वाट बघत होते. त्या चुकाव्यात, याची मी वाट बघत होते, हे मला त्या वेळी कळत होतं. एका पाच आठवड्यांच्या बाळाच्या खोलीत उभी राहून.

आखाजीच्या दिवशी दुपारी घर भरलेलं. मी आणि सासूबाई चुलीपाशी, खापरावर मांडे भाजायचं काम. हात कोपरापर्यंत पिठात. पुढल्या खोलीत प्रियंका बाळाला घेऊन बसलेली, अक्का भिंतीला टेकून, सई आणि शेजारच्या दोन-तीन बाया. बाळ कुरकुरत होतं. शेजारच्या सुमनमावशी म्हणाल्या, "अगं, ओठ सुकले बघ पोराचे. एवढ्या उन्हात नुसत्या दुधावर ठेवतात का? आण गं सई, चमचाभर पाणी."

मी पीठ झटकत उठले. मी दारापर्यंत पोचले तेव्हा मावशींच्या हातात पळी होती आणि ती पळी अक्कांनी मनगटासकट धरली होती. थरथरणाऱ्या हातानं, पण घट्ट.

"पाणी देऊ नका," अक्का म्हणाल्या. "पाजू द्या तिला. दोन घोट जास्त घेईल, बस."

"अहो, पाण्यानं काय होतंय?" मावशी हसल्या.

अक्का हसल्या नाहीत. "मी दिलं होतं. चोरून. हिची आई झोपली की बाटली काढायची. हिला," त्यांनी सईकडे बोट केलं, "या पोरीला. झटके आले हिला. डॉक्टर विचारत होती, मी खोटं बोलले. जीव जात होता हिचा, तरी खोटं बोलले."

खापरावरचा मांडा करपल्याचा वास पुढल्या खोलीपर्यंत आला.

सई म्हणाली, "का दिलं?"

सरळ प्रश्न. बारा वर्षांत तो मी विचारला नव्हता. मला उत्तर ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. अक्कांनी पदर तोंडाशी नेला, मग खाली केला.

"माझ्या हातून प्यायचीस तू. प्यायलीस की मांडीवर गप व्हायचीस. मला वाटायचं..." त्या थांबल्या. "तेवढंच वाटायचं."

मला आनंद व्हायला हवा होता. ज्या कबुलीची मी बारा वर्षं वाट बघितली, ती भर घरात, बायांसमोर, सईसमोर झाली होती. पण मला राग आला, आणि तो जुना राग नव्हता. माझ्या हातातलं शस्त्र अक्कांनी काढून घेतलं होतं आणि स्वतःवरच चालवलं होतं. माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. मी मागे फिरले, करपलेला मांडा उचलून बाजूला टाकला आणि पुढचा हातांवर वाढवायला घेतला. हात चुकत होते. सासूबाईंनी जाळ कमी केला.

जेवणं झाली. बाया गेल्या. सई लिंबाखाली झोक्यावर गेली. नंतर तिनं मला एवढंच विचारलं, "तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले, "सांगणार होते." कशासाठी राखून ठेवलं होतं, ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

उन्हं कलली तेव्हा मी भांडी आवरत होते. अक्का आत आल्या, मोरीशेजारच्या पाटावर बसल्या. आम्ही दोघीच.

त्या म्हणाल्या, "बारशाच्या दिवशी तू बोललीस ते सगळं खरं होतं."

मी भांडं घासत राहिले.

"शेवटचं तेवढं नको होतं बोलायला, वंदना." त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. पायातला काटा दाखवावा तसं त्यांनी ते दाखवलं. "बारा वर्षं ते वाक्य माझ्या घरात राहतंय. हे गेले त्या दिवशीसुद्धा तेच ऐकू येत होतं."

मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. धुळ्याचा बाक, सईच्या नाकातली नळी, "आईनंच दूध बाधनं". सगळं तोंडात तयार होतं, इतक्या वर्षांत घासून लख्ख केलेलं. मी भांडं पालथं घातलं.

"नको होतं," मी म्हणाले.

एवढंच. मी माफी मागितली नाही आणि त्यांना माफही केलं नाही. अजून केलेलं नाही. त्यांनीही ती मागितली नाही. बाहेर पोरींच्या झोक्याचा दोर करकरत होता.

तेवढ्यात पुढल्या खोलीतून बाळ रडलं. भुकेचं रडं, ओळखीचं, वरच्या पट्टीतलं. मी हातातलं टाकून उठले. अक्का भिंतीला धरून उठल्या. दोघी एकदमच दारापाशी पोचलो आणि थांबलो.

प्रियंकानं बाळाला घेतलं होतं. त्याचं डोकं कोपरात टेकवून, पोट पोटाशी लावून ती त्याला पाजत होती. बाळाच्या घशातून घोट जात होते. तिनं वर पाहिलंही नाही. आमची तिथे कुणालाच गरज नव्हती.

आम्ही दोघी मागे आलो आणि आपापल्या जागी बसलो.